स्वस्त वुडी-सिट्रस परफ्यूम इतका चांगला कसा वाटतो, आणि आपल्या नाकावर कितपत विश्वास ठेवावा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. प्रवासात सामान वेळेवर न पोहोचल्यामुळे आपण समोर दिसली ती पुरुषांसाठीची एक अगदी स्वस्त परफ्यूमची बाटली घेतली. सुरुवातीला सोललेल्या संत्र्याच्या सालीसारखा आणि मागाहून कोरड्या लाकडासारखा येणारा तिचा वास आपल्याला इतका आवडला की संग्रहातली कितीतरी पट महाग बाटली आता कपाटातच राहते. तासाभराने तो वास आपल्याला स्वतःला येईनासा होतो, पण चार तासांनी शेजारी बसलेले सहकारी ‘आज काय लावलंय?’ असे विचारतात. यात काही खोट आहे का, की महाग परफ्यूमचे पैसे केवळ नावाचे असतात, असे आपण विचारले आहे.

गेली 22 वर्षे माझे काम परफ्यूमचे नमुने हुंगून त्यांचे मूल्यमापन करण्याचे आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की खोट शोधण्याचे इथे कारण नाही. किमतीच्या प्रश्नामागे आपली खरी शंका वेगळी आहे असे मला वाटते: नाकाने ‘चांगले’ म्हटले आणि किंमत ‘साधारण’ म्हणते, तेव्हा कोणाचे ऐकावे? माझे उत्तर नाकाच्या बाजूने आहे. मात्र त्या नाकाने पहिल्या दहा मिनिटांत दिलेला निकाल मी मान्य करत नाही. हा निकाल केव्हा घ्यावा, हे कळण्यासाठी आधी या प्रकारचा सुगंध कशाचा बनतो ते पाहावे लागेल.

सुगंधाचे जे अनेक प्रकार आहेत, त्यांपैकी वुडी-सिट्रस, म्हणजे लाकूड आणि संत्रे-लिंबू यांच्या वासांचा मेळ, हा कमी खर्चात चांगला जमू शकणारा बहुधा सर्वांत सोयीचा प्रकार आहे. गुलाब, चमेली, चंदन किंवा आयरिसचे मूळ यांच्यावर उभा असलेला सुगंध स्वस्तात करायला गेले की नक्कल लगेच उघडी पडते, कारण ते पदार्थच मुळात महाग आहेत. आयरिसच्या मुळांना तर वास धरावा म्हणून काढणीनंतर वर्षानुवर्षे वाळवत ठेवावे लागते. संत्र्याच्या सालीच्या तेलाची गोष्ट निराळी आहे. रसाच्या उद्योगात फळे पिळली जातात तेव्हा सालीतले तेल जोडउत्पादन म्हणून मिळते, तेही भरपूर. या तेलात 90 टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन या एकाच घटकाचा असतो, आणि त्याचा वास तसाही सर्वांना ओळखीचा आणि आनंद देणारा आहे. त्यामुळे आपल्या बाटलीचा आरंभ सुंदर आहे यात नवल नाही. तिथे महाग आणि स्वस्त यांच्यातले अंतर मुळातच थोडे असते.

लाकडाच्या बाजूनेही असेच घडले आहे. आपल्याला ‘कोरडे लाकूड’ म्हणून जे जाणवते, त्यात लाकडापासून काढलेले तेल नसेल किंवा अगदी थोडे असेल. मुख्य काम बहुधा आयसो ई सुपर नावाच्या रेणूचे असते. 1970 च्या दशकात प्रयोगशाळेत घडवलेल्या या पदार्थाला नुकत्याच टोक काढलेल्या पेन्सिलीच्या भुशासारखा, पण मऊ आणि मखमली वास असतो. त्याच्या जोडीला डायहायड्रोमर्सिनॉल येतो, ज्यात लिंबू, लव्हेंडर आणि धातूची थंडाई यांचे मिश्रण जाणवते आणि ज्याच्यामुळे पुरुषांच्या परफ्यूमना ती ‘नुकतीच आंघोळ केल्यासारखी’ छटा मिळते. हे दोन्ही पदार्थ टर्पेंटाइनमधून मिळणाऱ्या पाइनच्या घटकांपासून मोठ्या प्रमाणावर तयार करता येतात. एखाद्या रेणूचे पेटंट असेपर्यंत तो एकाच कंपनीच्या हातात असतो आणि महाग राहतो. पेटंटची मुदत संपली की अनेक कारखाने तो बनवू लागतात आणि भाव उतरतो. एके काळी प्रतिष्ठित परफ्यूमांपुरते मर्यादित असलेले हे पदार्थ आज अगदी साध्या बाटलीतही सढळ हाताने घालता येतात, ते यामुळेच.

हा इतिहास थोडा तपशिलाने सांगतो, कारण आपल्या बाटलीचे कूळ त्यातच आहे. 1966 साली एदमाँ रुदनित्स्का यांनी ओ सोवाज या परफ्यूममध्ये हेडिओन हा चमेलीच्या कुटुंबातला पारदर्शक रेणू लिंबाच्या वासाखाली घातला, आणि एरवी चटकन उडून जाणाऱ्या लिंबाला हवेशीर, पसरता विस्तार मिळाला. 1982 च्या द्राकार न्वारमध्ये आणि 1988 च्या कूल वॉटरमध्ये डायहायड्रोमर्सिनॉलचा वापर पुरुषांच्या सुगंधाची ओळखच बनला. पुढे 2006 साली ज्याँ-क्लोद एलेना यांनी तेर द’एर्मेसमध्ये संत्रे, गारगोटीसारखी खनिज छटा, देवदार, वाळा आणि भरपूर आयसो ई सुपर यांची मांडणी केली. त्यानंतर वुडी-सिट्रस म्हटले की बहुतेकांच्या मनात तीच प्रतिमा येते. आज बाजारात येणारे या प्रकारातले बरेचसे स्वस्त परफ्यूम याच वाटेने गेलेले असतात. नमुन्यातले घटक वेगळे करून दाखवणारी गॅस क्रोमॅटोग्राफीची यंत्रे प्रयोगशाळांमध्ये असल्यामुळे एखाद्या यशस्वी सुगंधाचा सांगाडा वाचणे आता अवघड राहिलेले नाही.

पण सांगाडा वाचता आला म्हणजे सगळे वाचता आले असे नाही. ग्रेपफ्रूटचे उदाहरण घ्या. त्याच्या सालीला जो कडसर, किंचित घामट आणि तरीही रसरशीत वास येतो, त्यामागे गंधकयुक्त असा एक रेणू आहे, जो इतक्या अल्प प्रमाणात असतो की यंत्राच्या आलेखावर तो सहज निसटतो, आणि नाकाला मात्र स्पष्ट कळतो. वाळ्याच्या तेलासारख्या नैसर्गिक पदार्थात तर शेकडो घटक एकमेकांत मिसळलेले असतात. त्यातले ठळक चार-पाच घेऊन वाळा उभा केला तर मातीचा, मुळांचा आणि धुराचा जो पदर वाळ्याला असतो, तो त्यात येत नाही. महाग परफ्यूममधला जादा खर्च कशावर होतो, याचे निदान एक प्रामाणिक उत्तर इथे आहे.

आता मुख्य मुद्दा. स्वस्त वुडी-सिट्रसमध्ये पैसे वाचवले जातात ते सुरुवातीला किंवा शेवटी नव्हे, तर मधल्या पुलावर. संत्रे-लिंबाचे घटक हलके असतात. त्वचेवरून ते 15 ते 30 मिनिटांत उडून जातात. लाकडाचे घटक जड असतात आणि तासन्‌तास राहतात. या दोहोंमध्ये जे अंतर पडते, ते भरून काढणे हे परफ्यूम घडवणाऱ्याचे खरे कसब आहे. कडू संत्र्याच्या पानांपासून आणि कोवळ्या डहाळ्यांपासून काढलेले पेटिग्रेन घातले तर एकाच वासात फळही असते आणि काडीही असते, म्हणून ते दोन्हीकडे हात देते. वेलदोडा, आले, मिरी हे लिंबाचा तजेला पुढे नेतात आणि लाकडाच्या कोरडेपणाशी त्यांचे जुळते. हेडिओन या सगळ्यांत हवा खेळती ठेवते. हे सगळे घटक महाग असतातच असे नाही, पण त्यांचे प्रमाण जमवण्यासाठी दहा-वीस नव्हे तर शंभर-दोनशे प्रयत्न करावे लागतात, आणि स्वस्त उत्पादनाच्या वेळापत्रकात तेवढा वेळ कोणी देत नाही.

माझ्या टेबलावर हे कसे दिसते ते सांगतो. दोन कागदी पट्ट्या घ्यायच्या, एक महाग नमुन्याची आणि एक स्वस्ताची, पेन्सिलीने मागच्या बाजूला फक्त अक्षर लिहायचे, टोके एकमेकांना लागणार नाहीत अशा चिमट्यात उभ्या लावायच्या. पहिल्या पाच मिनिटांत शिकाऊ मुलांपैकी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही की कोणती कुठली आहे, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा मलाही सांगता येत नाही. सहाव्या तासालाही दोन्हीकडे तेच मऊ लाकूड आणि तीच कस्तुरीसारखी ऊब असते. पण चाळिसाव्या मिनिटाला पट्टी नाकाजवळ आणली की एकीवर अजून सालीचा कडवटपणा, थोडे पान, थोडी मिरी आणि त्यातून वर येणारे देवदार असे काहीतरी चाललेले असते. दुसरीवर मात्र फळ गेलेले असते, लाकूड अजून उघडलेले नसते, आणि मध्ये एक सपाट, साबणासारखा वास तेवढा उरलेला असतो. तो सपाट भाग किती वेळ टिकतो, यावर मी स्वस्त परफ्यूमची पारख करतो. आपल्या बाटलीत तो पाच-दहा मिनिटांचाच असेल, तर ती बनवणाऱ्याने मनापासून काम केले आहे असे खुशाल समजावे.

दुसरी एक खूण शेवटच्या टप्प्यात सापडते. हल्ली ‘दिवसभर टिकतो’ असा लौकिक मिळवण्यासाठी वुडी-अंबर जातीचे काही अतिशय तीव्र रेणू वापरले जातात. त्यांचा एखादा थेंबसुद्धा संपूर्ण मिश्रण ताब्यात घेतो, त्यामुळे टिकाऊपणा अगदी कमी खर्चात मिळतो. परंतु तोल सांभाळला नाही तर तिसऱ्या-चौथ्या तासाला वास टोकदार, खरखरीत आणि घशाला कोरड पाडणारा होतो. स्वतः लावणाऱ्याला हे लवकर कळत नाही, बंद खोलीत शेजारी बसलेल्याला मात्र नक्की कळते. सहकाऱ्यांनी आपल्याला विचारले तेव्हा त्यांच्या बोलण्यात कुतूहल होते की तक्रारीचा सूर होता, हे आठवून पाहावे, कारण या बाबतीत त्यांचे मत आपल्यापेक्षा अधिक भरवशाचे आहे.

इथून आपण आपल्या दुसऱ्या शंकेकडे येतो. तासाभराने आपल्याला वास येत नाही याचा अर्थ तो उडाला असा होत नाही. एकाच वासाच्या सतत सान्निध्यात राहिले की मेंदू त्याची नोंद घेणे थांबवतो. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही पण पाहुण्याला येतो, तसेच हे आहे. त्यात आयसो ई सुपरचा स्वभाव आणखी वेगळा: तो अनेकांना लपंडाव खेळल्यासारखा अधूनमधून जाणवतो, मध्येच नाहीसा होतो आणि वाऱ्याच्या झुळुकीबरोबर परत येतो. काही जणांना जड कस्तुरी रेणूंचा वास जन्मतःच अंधूक येतो किंवा येतही नाही. आपण वर्णन केलेला अनुभव, म्हणजे स्वतःला काही नाही आणि चार तासांनी इतरांना मात्र स्पष्ट, हा या प्रकारच्या परफ्यूमचा अगदी नेहमीचा अनुभव आहे. म्हणून ‘उडाला’ असे समजून दुपारी पुन्हा फवारे मारू नयेत. लोक त्रासावेत इतका वास बहुतेक वेळा याच गैरसमजातून होतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्याबद्दल मी इथून ठाम बोलू शकत नाही. कोरड्या त्वचेवर सुगंध सहसा लवकर विरतो. आधी बिनवासाचे मॉइश्चरायझर लावल्यास फरक पडतो. उष्ण हवेत सिट्रसचा भाग झपाट्याने उडतो आणि लाकूड लवकर पुढे येते. थंड हवेत तोच परफ्यूम मिटलेला वाटतो. सुती कपड्यावर सिट्रसही थोडे जास्त टिकते, पण फिकट रेशमावर डाग पडण्याची भीती असते, म्हणून आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून पाहावे. बाटलीवरच्या ‘ओ द तॉयलेट’ किंवा ‘ओ द पार्फ्यूम’ या शब्दांवर फार विसंबू नये: पहिल्यात साधारण 5 ते 15 टक्के आणि दुसऱ्यात 15 ते 20 टक्के सुगंधी अर्क असतो असा संकेत आहे, पण तो केवळ संकेतच आहे, आणि अर्क किती यापेक्षा कोणता यावर टिकणे अधिक अवलंबून असते.

सुरक्षिततेविषयी आपण विचारलेले नाही, तरी सिट्रस म्हटल्यावर ते सांगणे माझे कर्तव्य आहे. लिमोनिन आणि लिनॅलूल हे घटक ताजे असताना बहुतेकांना त्रास देत नाहीत, परंतु हवेशी संयोग होऊन ते जुने झाले की त्यांच्यापासून त्वचेला ॲलर्जी आणू शकणारे पदार्थ तयार होतात. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलात बर्गॅप्टेन नावाचा घटक असतो; तो त्वचेवर असताना ऊन लागले तर चट्टे उठू शकतात. म्हणून जबाबदार उत्पादक तो काढून टाकलेले तेल वापरतात किंवा प्रमाण ठरलेल्या मर्यादेत ठेवतात. या मर्यादा सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, 1973 साली स्थापन झालेली इफ्रा, ठरवते. स्वस्त बाटलीच्या बाबतीत माझी अट एवढीच असते की वेष्टनावर घटकांची यादी, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि बॅच क्रमांक असावा. यादीत लिमोनिन, लिनॅलूल, सिट्रल ही नावे दिसली म्हणून घाबरू नये. ती छापलेली असणे हे नियम पाळल्याचे लक्षण आहे. यादीच नसेल, तर सुगंध कितीही आवडला तरी तो त्वचेवर लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

जुने झालेले सिट्रस कसे ओळखावे, हे मी एका नुकसानातून शिकलो. काम सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी मी तयार केलेले संत्रे-देवदाराचे एक मिश्रण अर्ध्या भरलेल्या बाटलीत खिडकीच्या फळीवर राहून गेले. तीन महिन्यांनी झाकण उघडले तेव्हा देवदार जागच्या जागी होता, पण संत्र्याच्या जागी रंगाच्या डब्यासारखा, टर्पेंटाइनचा आंबूस वास आला. त्या मिश्रणावर सहा आठवड्यांची मेहनत गेली होती आणि मला ते सगळे ओतून द्यावे लागले. ऊन, उष्णता आणि बाटलीत शिरलेली हवा हे तीन शत्रू मी तेव्हापासून विसरलेलो नाही. स्वस्त परफ्यूममध्ये संरक्षक घटक पुरेसे असतीलच असे नाही, तेव्हा तो खोक्यातच, अंधाऱ्या आणि थंड कपाटात ठेवावा, आणि मोठ्या बाटलीपेक्षा लहान बाटली घ्यावी.

लहान बाटली घेण्यास आणखी एक कारण आहे. कमी किमतीच्या उत्पादनात कच्चा माल पुरवणारा बदलला की मिश्रणही गुपचूप बदलते, आणि पुढच्या वेळी त्याच नावाच्या बाटलीत वेगळा सुगंध निघतो. आपल्याला ही बॅच आवडली असेल तर तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि नवी बाटली घेतली की जुन्यातल्या उरलेल्या थेंबांशी ताडून पाहा.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: आपल्या बाटलीची सुरुवात आणि शेवट चांगला असणे अपेक्षितच आहे, तिची परीक्षा मध्ये आहे, आणि वास न येणे हे आपल्या नाकाच्या थकव्याचे लक्षण आहे. आता ही परीक्षा घरी कशी करावी ते सांगतो, कारण माझ्या शब्दापेक्षा ती आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

सुटीचा दिवस निवडा. आंघोळीला बिनवासाचा साबण वापरा. एका मनगटावर नवी स्वस्त आणि दुसऱ्यावर आपली जुनी महाग असा एकेकच फवारा मारा. मनगटे एकमेकांवर घासू नका, कारण मग दोन्ही सुगंध मिसळतील आणि तुलना बिघडेल. पहिला मिनिटभर फक्त अल्कोहोल येते, ते सोडून द्या. त्यानंतर 10 मिनिटांनी, 40 मिनिटांनी, 3 तासांनी आणि 6 तासांनी हुंगा, आणि प्रत्येक वेळी आपल्याच शब्दांत एक ओळ लिहा: साल, साबण, पेन्सिल, ओली माती, जे सुचेल ते. मध्ये सारखे हुंगत राहू नका. नाक भांबावले असे वाटले तर कोपराच्या आतल्या, काही न लावलेल्या त्वचेचा वास घ्या आणि दोन मिनिटे थांबा. शक्य असल्यास घरातल्या कोणाला फवारे मारायला सांगा, म्हणजे कोणते मनगट कशाचे हे आपल्याला ठाऊक राहणार नाही. किंमत ठाऊक असली की नाक तिच्या बाजूने कौल देते, हे मी अनुभवी मूल्यमापकांच्या बाबतीतही पुन्हापुन्हा पाहिले आहे.

चाळिसाव्या मिनिटाच्या ओळीत आपण काय लिहिता यावर माझे लक्ष राहील. तिथे स्वस्त बाटलीसाठी ‘साबण’ असे येईल आणि महागाच्या ओळीत तीन-चार शब्द येतील, तर त्या महाग बाटलीचे पैसे कुठे गेले हे आपल्याला कळेल, आणि तेवढ्यासाठी ते द्यायचे की नाही हा निर्णय आपला असेल. दोन्ही ओळी सारख्याच भरलेल्या असतील, तर मी आपल्या जागी असतो तर रोजच्या वापरासाठी निःशंकपणे स्वस्त बाटली ठेवली असती, सकाळी शर्ट घालण्यापूर्वी छातीवर दोन आणि मानेच्या मागे एक असे तीनच फवारे मारले असते, आणि महाग बाटली तिच्या त्या मधल्या तासासाठी, निवांत संध्याकाळी काढली असती. आपल्या चार ओळी इथे लिहिल्यात तर त्यांवरून बाटलीत नेमके काय असावे याचा अंदाज मी आनंदाने सांगेन.